ॲम्पजवळच्या खुर्च्या

"एक हात खिशात घाल आधी," उत्तमराव म्हणाले, "नाहीतर हॉलमध्ये जाऊन बस."

सॅव्हियोने मुकाट्याने डावा हात पँटच्या खिशात घातला. तो पन्नाशीचा, बर्फाच्या लाद्या उचलून दंड कमावलेला गडी. पण मीरा रोडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या बंद केलेल्या बाल्कनीत भल्याभल्यांचं काही चालत नसे. समोर टेबलावर त्याच्या वडिलांचा गिटारचा ॲम्प उताणा पडला होता. जुना, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. प्लग काढून ठेवला तरी असल्या ॲम्पच्या पोटात साडेचारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, आणि दोन्ही हात आत लागले तर झटका छातीतून आरपार जातो. म्हणून उत्तमराव चौकेकरांच्या राज्यात झाकण उघडलं की एक हात खिशात, हा कायदा होता. तो सगळ्यांना लागू होता. त्यांच्या पत्नी शुभदाताईसुद्धा बाल्कनीत चहाचा ट्रे आणत नसत. एकेक कप, एका हाताने, दोन खेपा. खिसा नसल्यामुळे दुसरा हात त्या पदरात गुंडाळून घेत.

"आणि हा आणलास कशातून?" उत्तमरावांनी विचारलं.

"टेम्पोतून."

"बर्फाच्या टेम्पोतून?"

"प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता ना अंकल. चांगला तीन वेळा."

"सॅव्हियो, हा काय सुरमई आहे? उद्या तू पेशंटलाही बर्फावर घालून हॉस्पिटलात नेशील."

सॅव्हियो हसला. उत्तमराव हसले नाहीत. त्यांनी जाड तारेला जोडलेला रेझिस्टर उचलला, मोठ्या कंडेन्सरांना एकेक करून टेकवला, आतली वीज पुरती उतरवली, मीटर लावून खात्री केली आणि मगच आत बोट घातलं. व्हॉल्व्हची सॉकेटं हिरवी पडली होती. सॅव्हियोच्या गावी, समुद्राकाठच्या तारोडीत लोखंडी खिडक्या टिकत नाहीत, तिथे या नाजूक पत्र्यांचं काय चालणार!

तीस वर्षं उत्तमरावांनी ताडदेवच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत यंत्रांची देखभाल केली होती. मोठमोठे वादक तिथे येत, पण चौकेकरांनी हात फिरवल्याशिवाय कुणी तार छेडत नसे. गिरगावातली खोली सोडून ते इकडे राहायला आले, पुढे स्टुडिओही बंद झाला, पण बोरिवलीपासून वसईपर्यंतच्या गिटारवाल्यांनी त्यांना शोधून काढलं. व्हॉल्व्हचा ॲम्प म्हणजे वेडाचं काम. वजनाला दगड, तापायला वेळ आणि रुसायला कारण लागत नाही. पण एकदा नीट लागला की आवाज असा भरून, ऊबदार येतो की त्यासाठी ही माणसं काहीही सोसतात. आणि तो लावावा उत्तमरावांनीच, असं सगळे म्हणत.

म्हणत असत, असं म्हणायला हवं. गेल्या वर्षभरात काहीतरी बिनसलं होतं. सॅव्हियोचा पुतण्या गेविन, हॉटेलांमधून वाजवणारा मुलगा, ॲम्प घेऊन गेला आणि आठवड्याने परत आला. "अंकल, जरा शार्प लागतोय." उत्तमरावांनी व्हॉल्व्ह बदलून दिले. नंतर गेविन आला नाही. भाईंदरचा एक जण आला नाही. वसईच्या दोघांनी फोन उचलणं सोडलं. उत्तमरावांनी सगळा राग आजकालच्या व्हॉल्व्हवर काढला. आता कारखान्यात व्हॉल्व्ह बनवत नाहीत, बरण्या बनवतात, असं ते जो भेटेल त्याला ऐकवत. पण रात्री अंथरुणावर पडलं की मनात एक शंका डोकं वर काढायची आणि ते कूस बदलून तिच्याकडे पाठ करायचे. हे काम गेलं तर आपण म्हणजे पेन्शन घेणारा आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारा आणखी एक म्हातारा, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

त्यातच सॅव्हियो आला होता. त्याच्या मुलीचं, क्रिस्टलचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या अंघोळीचं, आणायचं, वाजतगाजत, आणि मग मंडपात नाच. सॅव्हियोचे वडील फ्रेडी एके काळी जहाजावरच्या बँडमध्ये गिटार वाजवत. हा ॲम्प त्यांनी तिथेच कुणाकडून तरी घेतला होता. उत्तन, डोंगरी, गोराई, सगळीकडची लग्नं त्यांनी या ॲम्पवर वाजवली. सॅव्हियोचं स्वतःचं लग्नसुद्धा. आता बोटं वळत नव्हती, पण नातीच्या उंबराच्या पाण्याला हाच ॲम्प वाजला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

"डॅडी काय जास्त बोलत न्हाय आता," सॅव्हियो म्हणाला. "पन हे एकच धरून बसलाय. किबोर्डवाले भाड्याचा स्पीकर आनतायत, तर म्हनतो, तो घराबाहेर ठेवा."

"होईल," उत्तमराव म्हणाले. त्यांना फ्रेडी न पाहताच आवडले.

काम त्यांनी चोख केलं. सॉकेटं घासली, म्हातारे कंडेन्सर बदलले, चार व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळवून बसवले. सॅव्हियो गिटार घेऊन परत आला तेव्हा स्पीकर जोडून, ॲम्प तापू देऊन, त्यांनी मीटरवर बायस लावला, म्हणजे व्हॉल्व्हला किती वीज खाऊ घालायची ते ठरवलं. कमी दिली तर आवाज मरगळतो, जास्त दिली तर व्हॉल्व्ह जळतो. पेन्सिलीने एकेका काचेवर टिचकी मारून बघितली. मीटरचा काटा त्यांनी सांगितलं तिथे येऊन उभा राहिला. मग राहिलं शेवटचं काम. सूर लावायचं. तिथे मीटर उपयोगाचा नाही, तिथे कान.

सॅव्हियो वाजवू लागला आणि उत्तमरावांनी डोळे मिटून ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा, नॉब फिरवला. चार, पाच. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता. सहा. सात. आठवर त्यांना तारेचा किणकिणाट जरासा लागला आणि त्यांचं समाधान झालं.

"कसा?"

सॅव्हियोने पाय हलवला, गिटारकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "मस्त हाय, अंकल."

आत स्वयंपाकघराचं दार शुभदाताईंनी लोटून घेतलं.

"मंडपात परत लावावा लागेल," उत्तमराव म्हणाले. "खोलीतला सूर अंगणात चालत नाही. मी येतो."

"याच तुम्ही. आंटीला बी आना. मी टेम्पो पाठवतो."

"रिकामा पाठव," उत्तमराव म्हणाले. "आम्हाला बर्फावर बसायचं नाही."

तारोडीच्या अंगणात दुपारपासूनच गडबड होती. मंडपाला नारळाच्या झावळ्या लावल्या होत्या, सॅव्हियोची बायको डॉरिस मोठ्या पातेल्यांभोवती चार बायकांना घेऊन फिरत होती. ॲम्प मासळीच्या दोन पालथ्या क्रेटवर चढवला होता, आणि त्याच्या शेजारी वेताच्या खुर्चीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, फ्रेडी बसले होते. ऐंशी ओलांडलेले, सुकलेले, पण केस व्यवस्थित मागे वळवलेले.

"तू उत्तम?" त्यांनी विचारलं.

"हो, फ्रेडीभाऊ."

"बस इथं. माझ्या बाजूला."

उत्तमराव बसले. ॲम्प सुरू केला, व्हॉल्व्हना तापायला वेळ दिला. मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागला तसे दोघेही वाकून बघत राहिले. मग सॅव्हियोने एक जुनी चाल छेडली.

"कसा वाटतो?" उत्तमरावांनी विचारलं.

"दबलेला हाय," फ्रेडी म्हणाले. "अजून खोल त्याला."

उत्तमरावांना आतून बरं वाटलं. त्यांनाही तेच वाटत होतं. मोकळ्या अंगणात वरचे सूर हवेत उडून गेले होते. त्यांनी ट्रेबल नऊवर नेला.

"अजून."

वरच्या सुरांना धार देणारा प्रेझेन्सचा नॉबही चढवला. फ्रेडींची मान हलू लागली. "आता बोलला," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "जहाजावर असाच बोलायचा."

वर्षभर जो उठतो तो शार्प, शार्प म्हणत होता. इथे एक माणूस भेटला होता, आयुष्यभर गिटार वाजवलेला, ज्याला उत्तमरावांचा सूर पटला होता. वर्षभराचं मळभ एका क्षणात गेलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि शाबासकी घ्यायला निघालेल्या माणसासारखी त्यांनी मंडपभर नजर फिरवली.

ॲम्पच्या समोर मघाशी तीन रांगा खुर्च्या होत्या. आता एकही नव्हती. बायकांनी आपापल्या खुर्च्या उचलून पार फणसाच्या झाडाखाली नेल्या होत्या आणि तिथे त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. डॉरिसचं कांदे चिरायचं पाट-पातेलं घरामागे गेलं होतं. दारात क्रिस्टल उभी होती, दोन्ही तर्जन्या कानात घालून. उत्तमराव आपल्याकडे बघतायत हे लक्षात येताच तिने झटकन बोटं काढली आणि कानातलं नीट करत असल्याचं नाटक केलं. तिने कानातलं घातलेलंच नव्हतं.

सबंध अंगणात त्या आवाजाजवळ खुशीत बसलेली माणसं दोनच होती. एक ऐंशीपलीकडचा आणि एक अडुसष्टचा.

उत्तमराव उठले. विहिरीपाशी शुभदाताई हळदीकुंकवाला आल्यासारख्या अवघडून उभ्या होत्या. ते त्यांच्याजवळ गेले.

"शुभदा, खरं सांग. आवाज टोचतोय?"

त्यांनी विहिरीत डोकावून बघितलं.

"अगं, विचारतोय."

"सुई खुपसल्यासारखा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. जास्तच." मग त्यांचा बांध फुटला. "अहो, फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो पीप-पीप करतो. तुम्ही समोर पेपर वाचत बसलेले असता. मी आतून धावत येऊन दार लावते. मशीनचे कपडे झाले की तेही ओरडतं. तुम्हाला एकही ऐकू येत नाही. माझं बोलणं येतं, रस्त्यावरचा हॉर्न येतो, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं येतं."

"आणि तू वर्षभर गप्प बसलीस."

"काय सांगू? तुमचा कान गेला म्हणून? तुम्हाला?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "सकाळी उठून तुम्ही त्या बाल्कनीत जाता तेव्हा तुमचा चेहरा बघते ना मी. माझ्याच्याने नाही झालं."

उत्तमराव विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. गेविनला आपण मागे 'बहिरा' म्हटलं होतं, त्याची त्यांना लाज वाटली. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यांना नावं ठेवल्याचीही थोडी वाटली. रागावायला हवं होतं, पण कुणावर रागवावं ते सुचेना. तिकडे सॅव्हियो बिचारा अजून वाजवत होता, थांबायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. थोड्या वेळात पाणी आणायला माणसं निघणार होती. परत येऊन नाच सुरू झाला की हा ॲम्प सगळ्या पाहुण्यांना पळवून लावणार होता. मग कुणीतरी हळूच भाड्याचा स्पीकर लावणार, आणि वेताच्या खुर्चीतला म्हातारा ते बघणार. नातीच्या लग्नात.

"चल," उत्तमराव म्हणाले.

"कुठे?"

"काम अर्धं राहिलंय."

त्यांनी सॅव्हियोला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सॅव्हियो, माझा कान गेलाय. वरचे सूर मला येत नाहीत. मी चुकीचा लावला."

सॅव्हियो गोरामोरा झाला. "तसं न्हाय, अंकल..."

"तसंच आहे. तुला माहीत होतं?"

"गेविन बोलला होता," सॅव्हियो गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला. "पन मीटरचं काम तुमच्यासारखं कोन करतो? आनि तुमच्या तोंडावर कसं बोलनार? डॅडीला बी न्हाय बोललो कवा."

"बरं. आता वाजव. थांबू नकोस."

शुभदाताईंना त्यांनी फणसाखालच्या खुर्च्यांमध्ये, बरोबर मधोमध बसवलं. त्या लाजून चूर झाल्या. "मला काय कळतं त्यातलं? ट्रेबल की फ्रेबल."

"त्याचं कळायला नको. स्वयंपाकातलं सांग. काय कमी, काय जास्त, मोठ्याने सांग."

ते ॲम्पपाशी जाऊन वाकले.

"टोचतंय!" शुभदाताईंचा आवाज आला.

त्यांनी प्रेझेन्स खाली आणला, मग ट्रेबल. आठ, सात, सहा.

"अजून टोचतंय."

पाच. उत्तमरावांच्या कानाला आता किणकिणाट नावालाही उरला नव्हता. चार. त्यांची बोटं थबकली. इतकी वर्षं या बोटांनी फक्त त्यांच्या कानाचं ऐकलं होतं.

"अजून जरासं," शुभदाताई म्हणाल्या. "हां. टोचायचं थांबलं. पण आता अळणी लागतंय."

अळणी! उत्तमराव क्षणभर नॉबांकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसूच आलं. अळणी म्हणजे मिडल, मधले सूर, कमी. त्यांनी मिडलला थोडं वर घेतलं.

"आता?"

"आता चव आली. पण खाली काहीतरी बुडबुडतंय. वरणाला उकळी आल्यासारखं."

बास, म्हणजे खालचा सूर. रिकाम्या क्रेटमुळे तो घुमत होता. त्यांनी बास थोडा उतरवला, क्रेटवर दुमडलेलं गोणपाट घातलं आणि ॲम्प जरा तिरका करून वर तोंड करून ठेवला. फणसाखाली बायकांनाही एव्हाना चेव आला होता. "आंटी, थोडा तिखट पायजे," एक जण म्हणाली, तर दुसरी म्हणाली, "न्हाय, आसाच ठेवा, पोरं झोपतील तरी." शुभदाताईंनी दोघींना हाताने गप्प केलं. त्या आता ताठ बसल्या होत्या. मान कलती करून, डोळे बारीक करून, आमटीची चव बघताना बघतात तशा त्या ऐकत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "झालं."

उत्तमरावांना स्वतःला तो आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा येत होता. त्यांनी हात नॉबवरून काढून घेतला. सोपं नव्हतं ते.

संध्याकाळी बँडच्या मागे सगळं गाव विहिरीवर गेलं आणि डोक्यावर कळश्या घेऊन, नाचत परत आलं. मंडपात दिवे लागले. सॅव्हियोने गिटार गळ्यात घातली आणि पहिली चाल छेडली. उत्तमराव मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते; ते माणसांकडे बघत होते. आधी डॉरिसची बहीण खुर्ची घेऊन पुढे आली. मग आणखी दोघी. मग पोरांनी खुर्च्या ओढत आणल्या, ॲम्पच्या अगदी तोंडाशी, आणि डॉरिसला त्यांना मागे हाकलावं लागलं. क्रिस्टल मध्यभागी नाचत होती. या वेळी तिच्या कानात खरंच कानातलं होतं आणि तिचे हात हवेत होते.

किबोर्ड वाजवणारा रोशन दोन गाण्यांच्या मध्ये उत्तमरावांपाशी आला. "अंकल, काय टोन है यार! कोणी सेट केला?"

"मीटर माझा," उत्तमराव म्हणाले, "आणि कान त्या बाईंचा. त्या तिथे, हिरव्या साडीतल्या."

"माझ्या मित्राचा पण ॲम्प आहे. आणू?"

"त्यांना विचार. त्यांना वेळ असेल तर."

रोशन खरोखरच विचारायला गेला. लांबून उत्तमरावांना दिसलं, शुभदाताई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या आणि बोटं मोजत कुठला दिवस मोकळा आहे ते सांगू लागल्या.

वेताच्या खुर्चीत फ्रेडी मात्र अस्वस्थ होते. त्यांनी उत्तमरावांची बाही ओढली.

"उत्तम, आवाज गेला रे त्याचा. दुपारी बोलत होता. आता काय न्हाय."

उत्तमराव त्यांच्या शेजारी बसले. गोड खोटं सांगता आलं असतं. सॅव्हियोने आजवर वडिलांशी तेच केलं होतं आणि शुभदाने त्यांच्याशी.

"त्याचा नाही गेला, फ्रेडीभाऊ. आपला गेलाय. वरचा सूर आपल्यापर्यंत येत नाही. बाकी सगळ्यांना येतोय. बघा ना."

फ्रेडींनी मंडपाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. क्रिस्टल आईला ओढून नाचायला नेत होती.

"तुझा पन?" त्यांनी विचारलं.

"माझा पण."

"मग तू लावला कसा?"

"बायकोने लावला."

फ्रेडींच्या तोंडातून हसण्यासारखा एक आवाज आला. उत्तमरावांनी त्यांचा वाकड्या बोटांचा हात हातात घेतला, आणि ॲम्पच्या लाकडी बाजूवर, सपाट, टेकवून ठेवला. शेजारी स्वतःचाही हात ठेवला. लाकूड कोमट होतं आणि आतून थरथरत होतं.

"हां," थोड्या वेळाने फ्रेडी म्हणाले. "हाय."

सॅव्हियोने चाल बदलली. वडिलांकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो वाजवण्यात बुडाला होता. लाकडावर टेकलेली फ्रेडींची बोटं हळूहळू हलायला लागली, एक वर, दोन खाली, तारांवर पडावीत तशी.